बांधापलीकडचं विरजण

१२ फेब्रुवारी. सकाळी दह्याचं भांडं घासत होते. विरजण नासलं होतं. आई गेल्यापासून तेच लावत आले होते. ती ठासून सांगायची, हे माझ्या माहेरचं, परक्या घरातलं नाही. तिचं एवढंच माझ्याकडे उरलं होतं. भांडं पालथं घातलं आणि काळेवाडीहून निघाले. मी कॉलेजात कीटकशास्त्र शिकवते. चाकणजवळ माझ्या माहेरी वांग्याचं एकच वावर (शेत) राहिलंय, तिथले किडे गोळा करायचे होते.

भोसरीला बस बदलली. चाकणच्या चौकात बस पाऊण तास अडकली. शाळेत जाताना जिथे हरभरा उपटून खायचो, तिथे आता गोदामांचे पत्रे.

वावर बौद्ध वस्तीतल्या सुमनकाकूंचं, आमच्या परसाला लागून. त्या बांधावरच बसल्या होत्या.

"आलीस व्हय? म्हटलं, पोरगी पुण्याची झाली!"

"पुण्याची नाही, काळेवाडीची."

"तेच की गं."

पानांमागची पांढरी माशी आणि तुडतुडे (रस शोषणारे हिरवे किडे) नळ्यांत भरता भरता मी त्यांना सांगितलं, "या दोघांच्या अंगात एकच जिवाणू सापडतो. तो आईकडून अंड्यात उतरतो. पण जाती वेगळ्या, मग इकडून तिकडे गेला कसा? आमचा संशय पानावर आहे. एकीनं सोंड खुपसली की तो रसात उतरतो, दुसरी तोच रस पिते."

"म्हंजी उष्टं खात्यात!" काकू हसल्या. "तुझ्या आईच्या विरजणावाणी."

"ते तिच्या माहेरचं होतं."

"कशाचं माहेर! ते तुझ्या जन्माआधीच नासलं. माझ्या सासूकडनं वाटी न्हेली तिनं, ह्याच बांधावरनं. तिन्हीसांजंला, पदराखाली."

मी नळीला बूच लावलं. मग विचारलं, "तुमच्याकडे आहे अजून?"

"हाय की. पदर तर तू घेत न्हाईस, पिशवीतनं न्हे."

परतीच्या बसमध्ये एका हातात नळ्या, दुसऱ्यात डबा. मोशीजवळच्या गतिरोधकावर थोडं दही ओढणीवर सांडलं. त्यानंतर नळ्या पिशवीत टाकल्या आणि डबा दोन्ही हातांनी धरला. घरी पोचताच दूध कोमट करून विरजण लावलं.

१३ फेब्रुवारी. सकाळी दही लागलं होतं, आईच्या हातचंच. एक वाटी भरली आणि न झाकता समोरच्या वहिनींना नेऊन दिली.

"कुठलं हो विरजण?"

"सुमनकाकूंचं," मी म्हणाले.