तळ्यात मासे फक्त वीस

हसणार नाही म्हणता? बघू हं! कारण मी एकदा भर साखरपुड्यात चाळीस पाहुण्यांना बीजगणितापायी वांग्याची भाजी खायला लावली आहे.

आपल्या जिल्ह्याला अजून चांदा म्हणायचे तेव्हाची गोष्ट. आलापल्लीच्या अलीकडच्या एका खेड्यात मी नवा मास्तर. वय बावीस. विहीर दिसली की खोली काढ, साग दिसला की उंची काढ! काही मोजायचं राहिलं की मला चैनच पडायचं नाही.

शेजारी गणूभाऊ राहायचे, गावतळ्यात मासे धरणारे. त्यांच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. व्याह्यांकडची चाळीस माणसं येणार, आणि मासे धरणाऱ्याच्या घरी पानात मासा नसला तर लाजच की! चहा पिता पिता ते सहज म्हणाले, "तळ्यात मासे पुरतीन का नाई, कोन जाने!"

झालं! मला चेव आला.

"भाऊ, तळं न उपसता आकडा सांगतो."

"कसा जी?"

मी अंगणात काडीनं मांडलं. "एकूण मासे क्ष. वीस माशांच्या शेपटीला लाल दोरा बांधून सोडा. आठ दिवसांनी पुन्हा जाळं टाका. समजा चाळीस आले, त्यात दोऱ्याचे दोन. म्हणजे वीस माशांमागे एक दोऱ्याचा. दोऱ्याचे एकूण वीस, तर क्ष किती? वीस गुणिले वीस, चारशे!"

"न पाह्यताच समजते?"

"न पाहताच!"

गणूभाऊंनी वीस मासे दोरा बांधून सोडले, पण आठव्या दिवशी मला शाळा होती. मी निरोप ठेवला, 'दोऱ्याचे किती येतात ते मला बघायचंय, टोपली शाळेत आणा.' दुपारी गणूभाऊंची बायको सखूबाई टोपली घेऊन आल्या. चौदा मासे. आणि चौदाच्या चौदा शेपट्यांना दोरा!

मी थरारलो. फळ्यावर मांडलं. वीस भागिले क्ष बरोबर चौदा भागिले चौदा. उजवी बाजू एक. म्हणून क्ष बरोबर वीस. अख्ख्या तळ्यात फक्त वीस मासे! गणित तीनदा तपासलं. तळं एकदाही नाही.

"बाई, हे परत सोडा. वंश तरी वाढेल बिचाऱ्यांचा," मी गहिवरून म्हणालो.

सखूबाई काहीतरी बोलणार होत्या, पण फळ्याकडं पाहून टोपली उचलून निघाल्या.

साक्षगंधाची पंगत तळ्याच्या पाळीवर बसली. पानात वांगी. व्याह्यांचे चेहरे उतरलेले. आणि मागं पाण्यात मासे उड्या मारताहेत! मी मोजायला लागलो. पंचवीस झाले. एकच मासा पुन्हापुन्हा उडत असेल, अशी मनाची समजूत घातली. साठ झाल्यावर मात्र वाढायला आलेल्या सखूबाईंना हळूच विचारलं,

"बाई, त्या दिवशी जाळ्यात चौदाच आले होते ना?"

"नाई जी! दोन टोपल्या भरून आले. तुम्हाले दोऱ्याचेच पाह्यचे होते ना? मंग बाकीचे निवडून सोडून देल्ले. दोन घंटे लागले!"

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही फळ्यावर लिहून टाकलं होतं ना जी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात व्याही कुरकुरले, "एवढं मोठं तळं, अन मासा नाई?"

गणूभाऊंनी माझ्याकडं बोट केलं, तेही केवढ्या अभिमानानं! "सात पिढ्या जाळं टाकून राह्यलो, पन हे तळं आमच्यानं रिकामं झालं नाई. आमच्या गुरुजीनं खडूनं केलं!"