दहावं नाव

इतिहास लिहायला बसलं की कागद सापडत नाहीत, किस्सेच सापडतात! कळमेश्वरच्या पुढे, आमच्या गावात, बाप्टिस्ट मंडळीचं टिनाच्या छपराचं छोटं चर्च आहे. वरच्या कमिटीचं पत्र आलं: मंडळीचा इतिहास आणि सभासदांचं रजिस्टर महिनाअखेर दाखवा. दहा सभासद नसतील तर चर्चला कुलूप लावून सगळ्यांनी कळमेश्वरला जावं.

जुनं रजिस्टर वाळवीनं संपवलेलं. मी रसायनशास्त्राचा रिटायर्ड प्रोफेसर, म्हणून लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शहरातल्या प्रताप नगरातून दर रविवारी बसनं गावी जातो. नव्वदीला टेकलेल्या मार्थाबाई सांगतात, मी लिहितो. विश्वास म्हणजे न दिसणाऱ्याची खात्री, हे मला संडे स्कूलमध्ये त्यांनीच शिकवलं. एक ओळ लिहितो, दोन खोडतो.

*

आमच्यात लहान बाळाचा बाप्तिस्मा होत नाही. मोठं झाल्यावर ज्यानं त्यानं स्वतः विश्वास कबूल करायचा, पाण्यात उतरायचं आणि पास्टरनं त्याला पुरतं बुडवून वर काढायचं.

दौलत सुताराच्या वेळी तलावात गुडघाभरच पाणी. दौलत बुडाला, पण पोट वरच! काठावरून मार्थाबाई ओरडल्या, "साहेब, पोट कोरडं राहिलं ना!" पुन्हा दाबावं लागलं.

पुढे मंडळीच्या जेवणात तिसऱ्यांदा भात घेताना दौलत म्हणायचा, "पोट उशिरा बुडलं बाई. त्याले संयम अजून समजून नाही राहिला!"

*

एका वादळात छप्पर उडालं. शेजारचे शेतकरी रामभाऊ ट्रॅक्टरमध्ये टिना घालून आले. "तुमचं चर्च माह्या संत्र्याच्या बागेत येऊन पडलं. घ्या आपलं!"

आम्ही म्हटलं, आता दोन-तीन रविवार उपासना बंद ठेवावी लागेल. रामभाऊ भडकलेच. "बंद काहून? तुमची घंटा झाली का मी पाण्याची मोटार सुरू करतो. माह्या झाडायनं काय करावं?"

त्या रविवारी आम्ही उन्हात छत्र्या धरून गायलो. घंटा वेळेवर झाली!

*

एकदा गावात तीन लग्नं. चर्चमध्ये एकट्या मार्थाबाई, पहिल्या बाकावर. नव्या पास्टरांनी सवयीनं म्हटलं, "मागे बसलेल्यांनी कृपया पुढे यावं."

मार्थाबाई उठल्या, पार मागच्या बाकावर जाऊन बसल्या, मग पुन्हा पुढे आल्या.

"साहेबानं बोलावलं, तं कोणी तरी यायले पाहिजे ना!"

*

गेल्या आठवड्यात मी नवं रजिस्टर नीट अक्षरात लिहिलं. दहा नावं भरली. हायसं वाटलं. मार्थाबाईंनी चष्मा चढवला.

"हे दहावं कोणाचं?"

"माझं."

"तुहा बाप्तिस्मा कधी झाला गा?"

झाला नव्हता! सोळाव्या वर्षी म्हटलं होतं, नीट विचार करून पुढच्या वर्षी घेतो. मग बी.एस्सी., एम.एस्सी., पीएच.डी. विचार काही संपला नाही.

"म्हणजे साठ वर्षं पाहुणाच काय तू?" त्यांनी पेन मागितलं आणि माझं नाव खोडलं. "नऊच राहिले."

"बाई, नुसता आकडा भरायला पाण्यात उतरलो तर ते खोटं होईल."

"तं खोटं नको बोलू. खरं बोलून उतर."

*

रामभाऊंचं शेततळं. कमरेपर्यंत पाण्यात मी आणि माझ्या निम्म्या वयाचे पास्टर. काठावर खुर्चीत मार्थाबाई, मांडीवर रजिस्टर.

"तुमचा विश्वास आहे काय?" पास्टरांनी विचारलं.

"आहे... म्हणजे, शंकाही बऱ्याच आहेत."

पास्टर गोंधळले. अशा उत्तराचं काय करायचं, ते त्यांना कोणी शिकवलं नसावं.

"तुले काय हाय ते विचारलं गा!" काठावरून आवाज आला. "काय नाही, त्याची यादी नको वाचू!"

थंडीनं दात वाजत होते.

"आहे," म्हणालो.

पास्टरांनी बुडवलं. पोटसुद्धा! वर आलो तर चष्मा तळ्यातच राहिलेला. काठ, माणसं, आभाळ, सगळं एक झालेलं.

"काही दिसून राहिलं काय गा?" मार्थाबाईंनी विचारलं.

"काहीच नाही, बाई."

"मंग बरोबर झालं," त्या म्हणाल्या, आणि रजिस्टर उघडलं.