सळ्या बारीक नव्हत्या

आधी जे झालं ते क्रमाने लिहिते.

१. आमच्या प्रयोगशाळेत फास्ट रिअ‍ॅक्टर या अणुभट्टीच्या इंधनावर काम करणारे दोन गट होते. एक ऑक्साइडचा, एक धातूचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी दोन्ही एकत्र केले. मी धातूच्या गटातली.

२. नव्या रचनेत तपासणीचं टेबल ऑक्साइडवाल्यांकडे गेलं.

३. आमच्या इंधनाच्या सळ्यांची पहिली खेप तिथे गेली. सळ्या त्यांच्या बाहेरच्या नळीत ढिल्या बसतात म्हणून सगळी खेप 'बारीक' ठरली आणि नाकारली गेली.

४. कोणी काही विचारायच्या आत खेप वितळवायला गेली. रिअ‍ॅक्टरमध्ये चाचणीसाठी आम्हाला मिळालेली जागा दुसऱ्या कामाला दिली.

५. येत्या सोमवारी बैठक आहे. कारण म्हणून 'ओतकामातील दोष' असं नोंदवायचं चाललंय. ओतकाम राजन्ना करतात. ते कंत्राटावर आहेत आणि कंत्राट वाढवायचं की नाही, हे त्याच बैठकीत ठरणार आहे.

प्रयोगशाळेचं नाव लिहीत नाही, मापंही नाही. पुढचं जे लिहिते ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल.

ऑक्साइडची गोळी नळीत जवळजवळ चपखल बसावी लागते. ढिली बसली तर ती बाद, आणि हे त्यांच्या हातात इतकं मुरलंय की त्यात विचार करायला काही उरत नाही. धातूचं तसं नाही... धातू रिअ‍ॅक्टरमध्ये जळायला लागला की फुगतो. म्हणून सळी मुद्दाम बारीक ओततात आणि मधल्या फटीत सोडियम भरतात. उष्णता त्यातून बाहेर जाते, आणि सळीला फुगायला जागा राहते. ती जागा ठेवली नाही तर नळी फाटेल.

म्हणजे तपासणाऱ्यांनी त्यांच्या सवयीप्रमाणे बरोबर तपासलं. राजन्नांनी आमच्या मापाप्रमाणे बरोबर ओतलं. वापरून झालेलं इंधन शुद्ध करून पुन्हा ओतायचं, या चक्रावर आमचं सगळं काम उभं आहे... या वेळी न वापरलेलंच परत वितळलं.

मी चार दिवस रजा टाकून तेलंगणात वांकिडीला घरी आले. खरं सांगायचं तर दमले होते. सोमवारी गप्प बसायचं, असंही जवळजवळ ठरवलं होतं. निघताना राजन्नांचा फोन आला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, नाप तो सही था ना?" मी 'सही था' म्हटलं आणि बॅग भरायला घेतली.

घरीही सध्या एकत्रीकरणच चाललंय. काका-काकू राजुऱ्याहून कायमचे इकडे आलेत, त्यामुळे दोन स्वयंपाकघरांचं एक झालंय. डबे दुप्पट, ओटा तेवढाच.

शनिवारी संध्याकाळी आईने मला इडलीचं पीठ वाटायला लावलं. शेजारच्या तेलुगू काकूंकडून शिकल्यापासून आमच्याकडे रविवारी इडलीच असते. पीठ दोन गंजांत, म्हणजे उभ्या पातेल्यांत, अर्धं-अर्धं ठेवून आम्ही झोपलो.

सकाळी पीठ ओट्यावर होतं. ओट्यावरून खाली, तिथून सिलेंडरपर्यंत... काकूंनी दोन्ही गंज एकात ओतून वर ताट झाकलं होतं.

"काऊन वं, एकात काऊन ओतलं?" आईने विचारलं.

"अर्धे-अर्धेच तर होते, बाई. मले वाटलं, एक गंज मोकळा होते." काकू खरंच गोंधळल्या होत्या. त्यांच्या घरी इडली कधी झालीच नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरीनं पीठच पातळ वाटलं असन. त्याच्यानं वाहून गेलं."

मी सिलेंडर बाजूला सरकवला. बोलायची ताकद नव्हती, आणि पिठासाठी तर नव्हतीच.

बाबा दारातून पाहत होते. आमचं वांकिडी आदिलाबाद जिल्ह्यातून काढून नव्या जिल्ह्यात टाकलं, त्याचा राग त्यांच्या मनातून अजून गेलेला नाही. म्हणाले, "तिकडं जिल्ह्याचे तुकडे केले, अन् इकडं पिठाची एकी केली तुमी. आता मी काय, वटा चाटू?"

काकूंना हसू आलं, पण आई हसली नाही. ती फडकं घेऊन खाली बसली आणि शांतपणे म्हणाली, "पिठाले काई झालं नाई. पोरीनं चांगलंच वाटलं होतं. फुगाले जागा नाई राह्यली, बस."

काकू दुसरं फडकं घेऊन आईशेजारी बसल्या. "मले ठाऊक नोतं, बाई."

"ठाऊक कसं असन? कोणी सांगितलंच नाई तुले."

एवढंच. आवाज चढला नाही, कोणी रुसलं नाही. पण पिठावर आलेला ठपका आईने आधी दूर केला... मग ओटा पुसला. उरलेल्या पिठाच्या इडल्या झाल्या, त्या काकूंनी वाढल्या.

मी खाऊन राजन्नांना फोन केला. सोमवारी बोलणार आहे, असं सांगितलं. ते म्हणाले, "ठीक है, मॅडम."

बैठकीत मी एकटी बोलले तर ते आपल्या माणसाला वाचवणं वाटेल. म्हणून हे इथे लिहितेय. ही पोस्ट फक्त ओळखीच्यांना दिसते आणि त्यात दोन्ही गटांतले बरेच जण आहात. तपासणीच्या टेबलावरच्या कोणालाही दोष देणार नाही. धातूच्या सळीचं माप वेगळं का असतं, हे त्या टेबलापर्यंत पोचलं नव्हतं, आणि ते पोचवायची व्यवस्था नव्या रचनेत कोणाकडेच नव्हती. नोंदीत तेवढंच यावं.

सळ्या बारीक नव्हत्या, बरोबर होत्या. हे सोमवारी माझ्यासोबत म्हणायला कोण तयार आहे, ते मला शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा. नाही म्हणायचं असेल तर तेही कळवा.