साफ केलेल्या कॉम्प्युटरची घाण

कामोठ्यात जागृतीच्या दुकानावर पाटी कॉम्प्युटर दुरुस्तीची आहे, पण तिचं खरं काम दुसऱ्यांच्या दुरुस्तीची घाण काढण्याचं. व्हायरस मारणारे गल्लोगल्ली बसलेत. मारतात, हात झटकतात आणि मढं घरातच ठेवून जातात. वास सुटला की माणसं जागृतीकडे येतात.

तिचा बाप मिठागरावर राबलेला. तो म्हणायचा, पाणी काढलं म्हणजे आगर साफ झालं असं समजू नको. तळाचा गाळ पायाने चाचपावा लागतो.

त्या सकाळी मिथुन आला. काखेत कॉम्प्युटरचा डबा, हातात कीबोर्ड, मागे त्याची आते पुतळाबाई. पुतळाबाई धवलारीण. मांडवापासून पाठवणीपर्यंत धवले गात तिने चाळीस वर्षं आगऱ्यांची लग्नं लावली. गेल्या साली घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, मागे नुसती घोगरी कुजबूज उरली. त्याआधी मिथुनच्या बहिणीने, अबोलीने, सगळे धवले रेकॉर्ड करून या डब्यात ठेवले होते. त्यावरूनच ती शिकत होती. आता फोल्डर उघडलं की आत काहीच नाही.

जागृतीने मशीन चालू केलं. अमुक फाइल सापडत नाही, अशी चौकट आली. बंद केली, पुन्हा आली.

"मेलेल्या व्हायरसचं नाव घेऊन रडतंय," ती म्हणाली.

इंटरनेट उघडलं तर पहिल्याच पानावर जुगाराची जाहिरात, आणि कोपऱ्यातून एक उघडी बाई हसत वर आली. पुतळाबाईने पदर डोळ्यांवर ओढला. जागृतीला शिसारी आली.

"कोणी साफ केलं हे?"

"एक दुकानवाला हाय. गॅरंटी दिलीय त्यानं."

"गॅरंटी! उष्ट्या ताटावर फडकं फिरवलंय मेल्यानं."

तिने कीबोर्ड एका कागदावर उलटा केला. फटींतून तंबाखूचा चुरा आणि झुरळाचा एक पाय पडला. तिने तो कागद मिथुनपुढे सरकवला. "आणि हा व्हायरस कोणाचा?"

मिथुन निर्लज्जासारखा हसला. "जाऊ दे गं. फॉरमॅट मार. संध्याकाळी हळदीला डीजे हाय, मना गाणी भरायचीत. बघ ना, रिकामा असून फुल्ल सांगतो. सडलाय डबा."

"अबोलीने रेकॉर्ड केलं ते मूळ मेमरी कार्ड असेल ना?"

"तो मीच पुसला. जागा पायजे होती."

पुतळाबाईने जागृतीचं मनगट घट्ट धरलं. "माजा गला गेला तं गेला, पोरी," ती कुजबुजली. "पन त्ये पुसू नको."

जागृतीचा हात माउसवर थांबला. रिकामा असून फुल्ल. दाराशी पंधरा जोड चपला आणि घरात कोणी नाही, असं कसं होईल?

या जातीच्या व्हायरसची खोड तिला ठाऊक होती. तो फाइली खात नाही, लपवतो, आणि त्यांच्या जागी त्याच नावांची सोंगं मांडतो. दुकानवाल्याने सोंगं तेवढी पुसली आणि खऱ्यांना अंधारात सोडून पैसे घेतले. जागृतीने कमांड द्यायच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली. लपवलेलं सगळं उघडं कर. थोडा वेळ काही झालं नाही. मग ओहोटीला खाडीतल्या खुंट्या दिसू लागाव्यात तशी एकेक फाइल वर आली.

तिने आधी सगळ्यांच्या प्रती दोन पेनड्राइव्हवर घेतल्या, मगच एक धवला लावला. पुतळाबाईचा जुना आवाज दुकानात भरला, तांब्याच्या हंड्यासारखा खणखणीत. म्हातारीचे ओठ त्याच्याबरोबर मुक्यानेच हलू लागले. तेवढ्यात गाण्याच्या मधेच दुसरा आवाज आला, "ए आते, आटप ना तुजं रडगानं! लोक डीजेला थांबलेत."

मिथुनचाच आवाज. तो कानापर्यंत लाल झाला. त्याने माउसकडे हात नेला. "यो भाग काप."

जागृतीने त्याच्याकडे त्या झुरळाच्या पायाकडे पाहिलं होतं तसंच पाहिलं.

"राहू दे," पुतळाबाई कुजबुजली. "अबोलीला कलू दे, कशा गोंगाटान गावा लागतं."

जागृतीने दोन्ही पेनड्राइव्ह म्हातारीच्या मुठीत दिले. मग दुपारपर्यंत बसून तिने ती रडकी चौकट, तो जुगार, ती उघडी बाई मुळासकट उपटली. शेवटी मोरीत जाऊन साबणाने दोनदा हात धुतले.

"माज्या गाण्यांना जागा झाली का?" मिथुनने हळूच विचारलं.

"नाही," ती हात पुसत म्हणाली. "डबा भरलेला आहे."