एक्स-रे कुणी मागितलाच नाही

बाळांनो, तुमच्या विद्यापीठांतली माणसं गरीब देशांत संशोधनाला जातात, असं तुम्ही फोनवर सांगता. इंदूरच्या गिरण्या बंद पडत होत्या, तेव्हा असंच एक परदेशी पथक आमच्याकडे आलं होतं. रुईच्या धुळीनं कामगारांच्या फुप्फुसांचं काय होतं, हे त्यांना पाहायचं होतं. काम आमच्या कॉलेजच्या जोडीनं होतं. मी तिथे इंग्रजी शिकवायची, म्हणून दुभाषी झाले.

कराराच्या दिवशी पोहे-जिलबी झाली, शाल-श्रीफळ झालं. कलमं कुणीच वाचली नाहीत. पाहुण्यांसमोर कागद वाचत बसणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं आम्हाला वाटलं. पथकानं कामगारांचे एक्स-रे काढले आणि सगळ्या फिल्म त्यांच्याबरोबर गेल्या.

पुढे गिरणी कामगारांच्या चाळीतली एक बाई सुदामा नगरला माझ्या घरी आली. तिच्या नवऱ्याला सरकारी दवाखान्यात क्षयाची औषधं चालू होती. ती सोसत नव्हती, डोळे पिवळे झाले होते. डॉक्टरांना पथकानं काढलेला त्याचा जुना एक्स-रे हवा होता.

"बाईजी, तो फोटो परत कब मिळणार?"

"तो आता त्यांचा झाला," मी म्हटलं.

"मशीन त्यांची, मान लिया. पण फेफडे तर आमच्या यांचेच आहेत ना?"

मी चहाच्या निमित्तानं आत गेले. तिच्याकडे बघवेना.

आमचे विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, काही मागू नका हो. नाराज झाले तर पुढचा प्रोजेक्ट भोपाळला जाईल!" मी तो विषय सोडून दिला. महिन्याभरानं ती बाई पुन्हा दारात उभी राहिली, तेव्हा कुठे प्रमुखांना न विचारता मी पथकाला फॅक्स केला.

लगेच उत्तर आलं: प्रत पाठवतो, हवी असल्यास सगळ्यांच्याच पाठवतो; तुमच्याकडून कधी कुणी मागितलंच नाही. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं, हे खरं. पण तो कागद वाचून प्रमुख आणि मी एकमेकांकडे न बघता बसलो.

फिल्म आली. डाग जुनेच होते, वाढले नव्हते; म्हणजे चालू क्षय नव्हता. डॉक्टरांनी क्षयाची औषधं बंद केली. डोळे निवळायला मात्र फार दिवस गेले.

नंतर अन्नपूर्णा भागातल्या बाजारात ती नवरा-बायको दिसली. नवऱ्यानं मला हात जोडले. ती मान वर न करता मेथी निवडत राहिली. मी नमस्कार केला आणि भाजी न घेताच घरी आले.