रिकाम्या गाडीचं वजन

कमलाकर म्हात्रे मिठाईच्या दुकानात शिरले की दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडतात. आधी रिकामा खोका काट्यावर ठेवा, असं ते सांगतात. मग पेढ्यांनी भरलेला. मग मनातल्या मनात वजाबाकी करून मान हलवतात. खांदा कॉलनीत आमची दारं समोरासमोर आहेत, त्यामुळे हा प्रकार मला पंधरा वर्षं ठाऊक आहे आणि यंदापर्यंत त्यांच्याबरोबर मिठाई आणायला जाणं मी टाळत आलो होतो.

त्यांचाही इलाज नाही. जासईच्या बाजूला एका कंटेनर यार्डात त्यांनी एकतीस वर्षं वजनकाटा सांभाळला. गाडी रिकामी आली की वजन, भरून आली की वजन, उरलेला फरक म्हणजे माल. "मास्तर, आमी कधी खोटा वजन लिवला नाय," हे आठवड्यातून एकदा तरी मला ऐकावं लागतं. "आनि कधी सील तोडला नाय," हे त्याच्या पाठोपाठ. कंटेनरमध्ये काय भरलंय हे काट्यावाल्याने विचारायचं नसतं. किती भरलंय तेवढं लिहायचं आणि गाडी सोडायची. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो, पण एवढ्या निष्ठेने मी एकही प्रयोग केला नाही, हे इथे कबूल करून टाकतो.

त्यांची एकुलती एक लेक समीक्षा नर्स आहे. सासर खारघरला. यंदा जानेवारीत ती "थोडे दिवस" म्हणून माहेरी आली आणि दोन महिने झाले तरी परत गेली नाही. त्याआधी तिकडे एक रामायण झालं होतं. घरातल्या एकुलत्या लॅपटॉपवर नणंद साखरपुड्यासाठी लेहंगे बघत बसली होती, आणि लेहंग्यांच्या शेजारी सारख्या झळकत होत्या महिलांसाठी भाड्याच्या खोल्या. "खोली कोण शोधतंय?" असं तिने मोठ्याने विचारलं. पुढचं सांगायला नको.

एका सकाळी आम्ही चहा घेत असताना समीक्षाने स्पष्टच सांगितलं, "मी काहीतरी ठरवतेय. ठरलं की सांगेन, तोवर कुणी विचारू नका. माझी सगळी सर्टिफिकिटं अजून तिकडच्या कपाटात आहेत. सुगावा लागला तर ती हाताला लागणार नाहीत."

तिची आई भामाबाई म्हणाल्या, "आमी कशाला कोनाला सांगू?" यावर आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. भामाबाई रोज दुपारी विहीणबाईंना फोन करतात, दोन्ही घरांत गोडवा राहावा म्हणून, आणि गोडव्याच्या भरात सगळं सांगून टाकतात.

समीक्षाने वडिलांच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेंशन बसवलं होतं. मला तिने ते कौतुकाने समजावलं. "काका, हे जाहिराती लपवतं आणि मागच्या मागे त्या सगळ्यांवर क्लिक करत सुटतं. गुडघ्याचं तेल, ट्रॅक्टर, लेहंगा, सगळ्यांवर! त्यांना वाटतं, या बाईला जगातलं सगळंच हवंय. मग माझं खरं काय ते त्यांना कळणार कसं?"

मला युक्ती एकदम पसंत पडली. कमलाकरांनी मात्र बशी खाली ठेवली.

"सगल्यांवर क्लिक करतं कं?"

"सगळ्यांवर."

"कायम सारखाच?"

"हो, बाबा."

"हं," ते म्हणाले. हा 'हं' मी ओळखतो. तो आला की माणूस आठ दिवस झोपेतही काटा लावत असतो.

"पन चालता कं नाय, ता कलायचा कसा?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच तपासा," ती हसत म्हणाली. "पुढच्या रविवारच्या आत सांगा मात्र. रविवारी नणंदेचा साखरपुडा, त्यासाठी आठ दिवस तिकडे राहायचंय. माझा एक फॉर्म त्याच दिवसांत भरायचा आहे, आणि तो तिकडच्याच लॅपटॉपवर भरावा लागेल. तुम्ही चालतं म्हणालात तर हेच तिकडे बसवते." ती अर्धी थट्टेत बोलली होती. कमलाकरांना अशा बाबतीत थट्टा कळत नाही.

त्या एक्स्टेंशनचं एक पान आहे. आजवर कोणकोणत्या जाहिरातींवर क्लिक केलं, ती सगळी चित्रं तिथे भिंतीवर फोटो लावावेत तशी दिसतात. कमलाकरांनी ते पान शोधून काढलं. समीक्षा चार दिवस मामाकडे उरणला गेली, तेव्हा त्यांनी रिकामी गाडी मोजली. रोज सकाळी नऊ वाजता त्याच पाच गोष्टी, त्याच क्रमाने शोधायच्या: गुडघेदुखी, हवामान, मच्छरदाणी, हापूसचा भाव, पुन्हा गुडघेदुखी. मी एकदा म्हटलं, जरा क्रिकेटचा स्कोअर बघू. त्यांनी माझा हात कीबोर्डवरून उचलून बाजूला ठेवला. मग समीक्षा परत आली, दुपारी तीही तिचं काम त्याच कॉम्प्युटरवर करू लागली, आणि यांनी भरलेली गाडी मोजली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे दोन रकाने भरले.

शुक्रवारी ते माझ्याकडे आले, कागदाची चार वेळा घडी घातलेली. चेहरा उतरलेला होता.

"मास्तर, वजाबाकी झाली. सगला सारखाच क्लिक होतं ना, मंग ती नव्हती तवा ज्या जाहिराती आल्या, ता झाला रिकाम्या गाडीचा वजन. ता वजा केला का उरतं ता तिचा." ते खुर्चीत बसले. "पोरीचा सील तोडला मी."

काय उरलं हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारावंसं फार वाटलं, हे खरं.

मी आपला वाद घातला. "हे पान तुमच्या कॉम्प्युटरवर आहे हो. जाहिरातींच्या कंपनीला ते थोडंच दिसतं? त्यांना फक्त हजार क्लिक दिसतात."

"कंपनीचा काटा कसा चालतं मना ठाव नाय," ते म्हणाले. "पन क्लिक नंतरचा. ती जाहिरात आधी धाडली कोनी? त्यांनी वलखला, म्हनून तर ती आली!"

 तीस वर्षं मी मुलांना आधी काय घडलं ते बघायला शिकवत होतो, आणि इथे मीच ते बघितलं नव्हतं.

मग मी एक हलका सल्ला दिला, आणि त्याची मला अजून लाज वाटते. म्हटलं, चालतंय म्हणून सांगून टाका, तुम्ही पाहिलंत हे तिला कळायला नको. कमलाकर माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मीच यार्डाच्या फाटकावर चुकीचं वजन लिहून मागणारा ड्रायव्हर होतो.

तेवढ्यात समोरच्या दारातून भामाबाई फोन घेऊन आल्या. "ह्या काय हाय बगा तरी. मी पापलेटचा कालवन बगते न् मना सांगतं, तीन महिन्यांत जर्मन शिका. मी कशाला जर्मन शिकू? विहीनबाईंना सांगितला तं त्या पन हसतील." घरातलं वाय-फाय एकच होतं. कॉम्प्युटरवरची गोष्ट बाईंच्या फोनपर्यंत चालत आली होती, आणि दुपारच्या फोनला अजून अर्धा तास होता.

कमलाकरांनी फोन त्यांच्या हातातून घेतला आणि खिशात घातला. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण बाईंचा फोन त्यांनी काढून घेतल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

ते तडक घरी गेले. मीही मागोमाग गेलो. समीक्षा कॉम्प्युटरसमोर होती. त्यांनी कागद तिच्यापुढे ठेवला.

"चालत नाय."

तिने दोन्ही रकाने वाचले. खाली उत्तराची जागा त्यांनी कोरी ठेवली होती. ते उत्तर तिला वाचायची गरज नव्हती. तिने कागदाची पुन्हा घडी घातली.

"म्हणजे तुम्हाला कळलं," ती म्हणाली.

"कलला. विचारायचा नव्हता, तरी बगितला. चूक माजी." ते तिच्याशेजारी बसले. "पन तिकडं बसवू नको ता. तिकडं फॉर्म नको. पयली सर्टिफिकिटा आनू."

"आणि मग? बाबा, जर्मनी लांब आहे."

"लांब हाय," ते म्हणाले.

रविवारी मी पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर मिठाईच्या दुकानात गेलो. रिकामा खोका, भरलेला खोका, सगळं यथासांग झालं. साखरपुड्याला ते पेढे घेऊन गेले आणि समीक्षाला आठ दिवस तिकडे न ठेवता संध्याकाळीच तिला घेऊन परत आले. येताना त्या पेढ्यांच्या पिशवीत तिची सर्टिफिकिटांची निळी फाइल होती. नवऱ्याशी काय बोलायचं ते ती नंतर समोरासमोर बोलली. जर्मनीतल्या नर्सच्या नोकरीचा फॉर्म तिने माझ्या घरी बसून भरला. एक्स्टेंशन तिने काढून टाकलं. भामाबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या आधी रडल्या आणि मग मसाला कुटायला बसल्या.

आठ महिन्यांनी ती निघाली. बॅगेला तेवीस किलोची मर्यादा. घरात साधा माणसांचा वजनकाटा होता. कमलाकर आधी एकटे त्यावर उभे राहिले, मग बॅग कवटाळून, आणि वजाबाकी केली. बॅगेतून दोनदा कपडे काढले, एकदा पुस्तक काढलं. शेवटी भामाबाईंनी मसाल्याची पिशवी आणून कोपऱ्यात कोंबली.

"आता जास्त झाला तर ह्याच काढायचा," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

कमलाकर पुन्हा बॅग घेऊन काट्यावर चढले. मी शेजारीच उभा होतो. आकडा मला स्पष्ट दिसला, वजाबाकी मलाही येते. पाऊण किलो जास्त होतं.

"किती?" समीक्षाने विचारलं.

"तेवीस. बरोबर तेवीस," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

"बरोबर," मी म्हणालो.