एसीसमोरची खुर्ची

बडे बाबू कोणाच्याही घरी गेले तरी लगेच बसत नसत. दारात उभं राहून आधी सगळी बैठक डोळ्यांखालून घालायचे, कोण कुठं बसलंय ते पाहायचे आणि मगच टेकायचे. आमच्या रायपुरातल्या मराठी घरांत लग्न निघालं की आचारी नंतर ठरायचा, बडे बाबूंना निरोप आधी जायचा. "सोयरे जेवणावरून रुसत नाहीत, बसण्यावरून रुसतात," हे त्यांचं म्हणणं. आणि खोटं नव्हतं हो ते!

ते आमच्या ऑफिसचे हेडक्लार्क. लोखंडाचे सुटे भाग ओतायचा कारखाना होता. मी तिथं माल तपासायची. मॅट्रिक पास, बाकी सगळं बघून बघून शिकलेली. कोणता नग कोणत्या दिवशी, कशानं बाद झाला, हे तीन वर्षं मी रजिस्टरात लिहीत होते. जपानी पाहुणे माल बघायला येणार असं ठरलं, तेव्हा शेठजींच्या पुतण्यानं ते रजिस्टर मागून घेतलं. नवीनच लागला होता. "दीदी, आप बस चाय देख लेना. बताऊँगा मैं," म्हणाला. मी घरी येऊन रडले. लपवू कशाला?

बडे बाबूंना ते कळलं. त्या दिवसांत ते दुभाष्याला फोन करकरून जपानी बैठकीचे कायदे वहीत उतरवून घेत होते. ड्रायव्हरनं मागाहून सांगितलं, विमानतळावर शेठजींनी सगळ्यात वयस्क पाहुण्याला कौतुकानं पुढं बसवलं, जावयाला बसवतात तसं. बडे बाबूंनी हात जोडून त्यांना उतरवलं, ड्रायव्हरच्या मागं बसवलं आणि स्वतः पुढं बसले. "साहब, इनमें आगे की सीट सबसे छोटे की होती है."

मीटिंगच्या खोलीतही तसंच. दारापासून जितकं लांब, तितका मान मोठा. एका बाजूला पाहुणे, समोर आम्ही. आमच्या बाजूला सगळ्यात आतल्या खुर्चीत शेठजी. बडे बाबूंनी मला हाक मारली, "ताई, शेठजींच्या बाजूला बस."

"मी? अन् चहा?"

"चहा मी पाहतो. बस म्हणतो ना!"

शेठजींनी मान डोलावली. बसण्या-उठण्यात ते बडे बाबूंच्या शब्दाबाहेर नसत. मे महिन्यातलं रायपूर, आणि एसी नेमका दाराजवळ. पुतण्या आला, खोलीभर नजर फिरवली आणि खुशीत एसीसमोरच्या खुर्चीत जाऊन बसला. बडे बाबू चहाचे कप मांडत राहिले.

वयस्क पाहुण्यानं शेठजींना कार्ड दिलं. मग दोन्ही हातांनी, वाकून, मला. पुतण्याला सगळ्यात शेवटी. रजिस्टर उघडून त्यांनी दुभाष्याकरवी विचारलं, सोमवारीच जास्त नग बाद का होतात?

"लेबर की गलती है," दाराकडून पुतण्या.

पाहुण्यानं त्याच्याकडं बघून अदबीनं मान हलवली आणि पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मी रजिस्टर जवळ ओढलं. आणि सांगितलं. रविवारी भट्टी बंद असते. सोमवारी ज्या भांड्यातून लोखंड ओततात ते पुरतं तापलेलं नसतं, म्हणून पहिलं ओतकाम लवकर थंड पडतं. मग तासभर ते मलाच विचारत राहिले.

पाहुणे गेल्यावर पुतण्या भडकला. "मुझे दरवाज़े पे किसने बिठाया?"

"आप ही बैठे, भैया. एसी देखके."

शेठजींना हसू आवरेना. त्या दिवसापासून तपासणीच्या कागदांवर माझी सही सुरू झाली, ती मी निवृत्त होईपर्यंत. दोन्ही पोरी शिकल्या त्या नोकरीवर.

पहिल्या सहीचे पेढे घेऊन मी बडे बाबूंकडं गेले. "तुम्ही त्याले आधी सांगितलं काहून नाही?"

"विचारलं असतं त सांगितलं असतं. विचारलंच नाही पोट्ट्यानं."

बडे बाबूंना जाऊन आता दोन वर्षं होतील. पेढे दिले त्या दिवशी मी पाया पडायला वाकले, तर पाय मागं घेतले त्यांनी. म्हणाले, "मी त फक्त बसवलं, ताई. सोमवारचं मले तरी कुठं माहीत होतं?"